आधी पंखा बघा, मग इंजिनाला दोष द्या

(प्रभाग संघाच्या सभेत झालेलं हे भाषण. ज्या गटांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे छापत आहोत. होडी असलेल्या गटांनी ते बैठकीत मोठ्याने वाचावं.)



आज मी होडीच्या पंख्यावर बोलणार आहे. पुस्तकात त्याला प्रोपेलर म्हणतात, आपल्या खाडीवर लहानथोर सगळे पंखाच म्हणतात. मीही तेच म्हणणार.

आता तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या सभेत पंखा कशाला? तर ऐका. आपल्या संघातल्या काही गटांनी कर्ज काढून होड्या घेतल्या. पर्यटकांना खाडी दाखवायची, कांदळवन दाखवायचं, खंड्या आणि बगळे दाखवायचे, परत आणून सोलकढी आणि जेवण द्यायचं. धंदा चांगला आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बायकांनी कांदळवन सफर सुरू केली, ती आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण जिथे खाडी रुंद आहे, ओढ जास्त आहे, तिथे वल्ह्यावर भागत नाही. तिथे मशीन लागतं. आणि मशीन आलं की दुरुस्ती आली.

होडी गटाच्या नावावर असते. हप्ता गटाच्या नावावर असतो. पण होडी बिघडली की निर्णय कोण घेतं? मेकॅनिक येतो, कान लावतो, म्हणतो, "इंजिनचं काम निघालंय, पायाचा गिअर गेलाय." हिशोबाच्या वहीत आपण पाच रुपयांचा फरक सोडत नाही, आणि इथे मात्र एका वाक्यावर अख्ख्या मोसमाची कमाई ठरावाशिवाय निघून जाते. पुष्कळ वेळा दुखणं इंजिनात नसतंच, पंख्यात असतं. पंखा पाण्याखाली असतो, दिसत नाही, म्हणून त्याच्यावर कोणाचा संशय जात नाही. दुरुस्ती आपल्याला करता आली नाही तरी चालेल, पण दुखणं कुठे आहे ते ओळखता आलं पाहिजे. आज तेवढंच शिकायचं.

मशीनच्या तीन जाती

आपल्याकडे तीन प्रकारच्या होड्या दिसतात. मासेमारीच्या मोठ्या होडीत इंजिन आत असतं आणि एक लांब दांडा तळातून बाहेर जातो, त्याच्या टोकाला पंखा. दुसरी आऊटबोर्ड. तिचं अख्खं मशीन मागच्या फळीला बाहेरून टांगलेलं असतं. तिसरी स्टर्नड्राइव्ह. तिचं इंजिन होडीच्या आत मागच्या बाजूला झाकणाखाली असतं आणि मागच्या फळीतून फक्त पाय बाहेर येतो. त्या पायात गिअर असतात आणि पायाला खाली पंखा. सुकाणू फिरवलं की पाय डावी-उजवीकडे वळतो, बटण दाबलं की वर-खाली होतो. ही पद्धत व्होल्वो पेंटा कंपनीने 1959 मध्ये बाजारात आणली. आमच्या गटाची जुनी घेतलेली बोट याच जातीची आहे, म्हणून मी मुख्यतः तिच्याबद्दल बोलेन. आऊटबोर्ड असलेल्या गटांना यातलं बहुतेक सगळं जसंच्या तसं लागू आहे, कारण पंखा आणि पायाचा खालचा भाग दोघींचा जवळजवळ सारखाच.

पंखा करतो काय?

लाकडात स्क्रू पिळला की एका फेऱ्यात तो ठरावीक अंतर आत जातो. पंखा पाण्यात तेच करतो. त्याच्या नळकांड्यावर बहुतेक वेळा दोन आकडे कोरलेले असतात, समजा 14 आणि 19. पहिला आकडा म्हणजे पंख्याची रुंदी, 14 इंच. दुसरा म्हणजे पीच, अर्थात लाकडात स्क्रू जावा तसा हा पंखा एका फेऱ्यात 19 इंच, साधारण 48 सेंटिमीटर पुढे जाईल. पाणी काही लाकूड नव्हे, ते सरकतं. म्हणून प्रत्यक्षात होडी त्याहून कमी जाते. थोडं सरकणं ठीक आहे. फार सरकायला लागलं की समजायचं, काहीतरी बिघडलंय.

पात्यांचा आकार किती महत्त्वाचा, त्याची एक जुनी गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाच्या माणसाने 1836 मध्ये स्क्रूसारख्या पंख्याचं पेटंट घेतलं. त्याचा पहिला पंखा लाकडी आणि दोन पूर्ण वेढ्यांचा होता. 1837 मध्ये कालव्यात चाचणी चालू असताना त्याचा अर्धा भाग तुटून पडला, आणि बोट चक्क जास्त वेगाने जायला लागली! तिथून पुढे पंख्याचा आकार बदलत गेला. पण म्हणून आपलं पातं तुटलं की बोट पळेल असं समजू नका. आजचा पंखा मोजूनमापून केलेला असतो. त्याची बोटभर कड वाकली तरी बोट तुम्हाला ते सांगते. फक्त तिची भाषा कळली पाहिजे.

त्या भाषेचं पहिलं अक्षर म्हणजे फेऱ्यांचा काटा. सुकाणूसमोर जी घड्याळं असतात त्यांतलं एक इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते दाखवतं. लक्षात ठेवा, हे फेरे इंजिनचे, पंख्याचे नव्हेत. पायातल्या गिअरमुळे पंखा बऱ्याच बोटींत इंजिनच्या साधारण निम्म्या वेगाने फिरतो. इंजिनच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं की पूर्ण वेग दिल्यावर काटा कुठून कुठपर्यंत असावा. समजा 4,400 ते 4,800. आपल्या इंजिनचा आकडा वेगळा असेल, तो पुस्तिकेतून काढा आणि काट्याजवळ रंगाने खूण करून ठेवा.

हात लावण्याआधी

पंख्याला हात लावायचा तर आधी इंजिन बंद. चावी काढून आपल्या कमरेला. चालवणारीच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची लाल दोरी असते, ती ओढून काढलेली. गिअर मधे, न्यूट्रलला. हे चारही झाल्याशिवाय पाण्यात उतरून कोणी पंख्याजवळ जायचं नाही. "मी बघते, तू चावीला हात लावू नकोस," एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही.

अजून एक. आपले पर्यटक किनाऱ्यावर गुडघाभर, कमरेभर पाण्यात चढतात-उतरतात. त्या वेळी इंजिन बंदच पाहिजे. न्यूट्रल म्हणजे बंद नव्हे. एखाद्याचा हात गिअरच्या दांड्याला लागला, तर मागच्या पाण्यात उभ्या असलेल्या पोराच्या पायाचं काय होईल ते मी बोलून दाखवत नाही.

आता दुखणी एकेक करून घेऊ. तक्रार जशी आपल्या तोंडात येते तशीच घेते.

"मशीन बोंबलता, पण होडी जायना"

वेग दिला की इंजिनचा आवाज चढतो, काटा भराभर वर जातो, आणि बोट आहे तिथेच रेंगाळते. हे ऐकलं की पहिला निष्कर्ष निघतो, गिअर गेला. थांबा. आधी चार गोष्टी क्रमाने बघा.

पहिली, पंखा जागेवर आहे का? हसू नका. नट सैल होऊन अख्खा पंखा खाडीत गेल्याची उदाहरणं आहेत.

दुसरी, पंख्याला प्लास्टिकची पिशवी, जाळ्याचा तुकडा किंवा सुंभ गुंडाळलंय का? गुंडाळलेल्या पंख्याची पाती पाणी धरत नाहीत. पिशवी कधी पायाच्या बाजूला असलेल्या पाणी ओढायच्या भोकांवरही बसते. मग इंजिन तापतं. म्हणून या तक्रारीत तापमानाच्या काट्याकडेही नजर टाका.

तिसरी, रबरी बुश. ही सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून नीट ऐका. बऱ्याच पंख्यांत आतली दातेरी नळी आणि बाहेरचं पात्यांचं नळकांडं यांच्यामध्ये घट्ट बसवलेलं रबर असतं. ते मुद्दाम ठेवलेलं असतं. पंखा खडकाला किंवा वाळूला आपटला तर रबराने झटका खावा आणि पायातले महागडे गिअर वाचावेत, हा हेतू. जोराच्या आपटीने किंवा जुनं झाल्याने ते रबर सुटतं. मग आतली नळी फिरते आणि पाती मागे राहतात. हळू वेगात बोट ठीक चालते, कारण जोर कमी असतो. वेग वाढवला की रबर घसरतं. कधी जळक्या रबराचा वासही येतो.

याची परीक्षा फुकट आहे. बोट किनाऱ्याला घ्या. शाफ्टच्या टोकापासून पंख्याच्या नळकांड्यापर्यंत रंगाने एक सरळ रेघ ओढा. नेलपॉलिशही चालतं. रंग वाळू द्या. बोट खोल पाण्यात नेऊन जोरात चालवा, परत या आणि रेघ बघा. रेघ सरळ असेल तर रबर चांगलं आहे. तुटली असेल, म्हणजे शाफ्टवरची रेघ एकीकडे आणि नळकांड्यावरची दुसरीकडे गेली असेल, तर चोर सापडला. बुश बदला किंवा पंखा बदला. पाय उघडायचं काहीच कारण नाही.

छोट्या जुन्या आऊटबोर्डला रबराऐवजी एक बारीक पिन असते. आपटलं की ती पिन तुटते आणि पंखा फिरायचा थांबतो. ती तुटण्यासाठीच आहे. तिच्या जागी लोखंडी खिळा ठोकून काम भागवायचं नाही. खिळा तुटणार नाही, मग पुढच्या आपटीला गिअर तुटेल. मापाच्या दोन-चार पिना कायम डब्यात ठेवा.

चौथी गोष्ट बघायची ती या तिन्ही ठीक असतील तरच. रेघ सरळ आहे, पंखा स्वच्छ आहे, पाती धड आहेत, तरी जोर येत नाही, तर मग दोष आतला. स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन आणि पाय यांना जोडणारा एक कपलर असतो, त्यातही रबर असतं आणि तेही सुटतं. किंवा गिअर खरंच गेलेला असू शकतो. तिथे मेकॅनिक लागतोच. पण आता तुम्ही त्याला सांगू शकता, "पंख्याची रेघ तपासली, सरकली नाही. तुम्ही कपलरपासून सुरुवात करा."

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या बोटीला ऐन डिसेंबरात हीच तक्रार आली. एका कारखान्यात दाखवली. बोट न चालवताच त्यांनी पाय उतरवायचा अंदाज हातात दिला. आकडा ऐकून आमची कोषाध्यक्ष वही मिटून गप्प बसली. आम्ही दोन दिवस मागितले. रेघ ओढली, बोट फिरवली. रेघ चार बोटं सरकली होती. बुश बदलला आणि तिसऱ्या दिवशी बोट पर्यटक घेऊन खाडीत होती. नाताळचा आठवडा म्हणजे आमच्या वर्षाची मोठी कमाई. तो आठवडा त्या रेघेने वाचवला.

"सगळी बोट थरथरते"

थरथर आली की बहुतेक वेळा पंख्याचा तोल गेलेला असतो. एखादं पातं वाकलंय, कडेचा तुकडा उडालाय, किंवा एकाच बाजूला शिंपल्यांचा थर बसलाय.

परीक्षा अशी. बोट बाहेर काढा किंवा पाय वर उचला. मघाच्या चार गोष्टी करा, चावी कमरेला. एक काठी पायाला टेकवून तिचं टोक एका पात्याच्या टोकाजवळ आणा, मधे तांदळाच्या दाण्याएवढी फट ठेवा. पंखा हाताने हळू फिरवा. तिन्ही पात्यांची टोकं काठीपासून तेवढ्याच फटीने गेली पाहिजेत. एक जवळून आणि एक लांबून गेलं तर पातं वाकलंय. आता नजर शाफ्टच्या टोकावर ठेवा आणि पुन्हा फिरवा. टोक जागच्या जागी फिरलं पाहिजे. ते भोवऱ्यासारखं डुलत असेल तर शाफ्ट वाकलाय. ते मोठं काम. तशी बोट चालवत राहू नका, शाफ्टचं तेल अडवणारं सील आणि बेअरिंग दोन्ही जातील.

आणखी सोपी परीक्षा म्हणजे दुसरा पंखा. गटाकडे जास्तीचा पंखा असेल तर तो चढवून बघा. थरथर गेली तर पहिला पंखा दोषी. राहिली तर दोष शाफ्टमध्ये किंवा आत.

आवाजाचा एक फरकही सांगते. सरळ जाताना आवाज कमी आणि सुकाणू पूर्ण वळवलं की घरघर वाढते, असं स्टर्नड्राइव्हला होत असेल तर तो पंखा नव्हे. पाय जिथे वळतो तिथलं बेअरिंग किंवा सांधे झिजलेत. त्याच ठिकाणी घडीचं रबर असतं, हार्मोनियमच्या भात्यासारखं. ते फाटलं तर पाणी सरळ बोटीत येतं. दर मोसमाआधी त्या रबराच्या घड्या बोटांनी उघडून चिरा आहेत का ते बघा.

"पूर्ण वेग देऊनही काटा वर जात नाही"

हे पहिल्याच्या उलट. इंजिन दबल्यासारखं चालतं, पेट्रोल जास्त खातं, बोट जड वाटते. इथे विचारायचे प्रश्न असे. किती माणसं बसली आहेत? तळाशी शिंपले-शेवाळ चढलंय का? बोटीत पाणी साठलंय का? पंख्याला दोर आहे का? आणि मग, पंखा कोणी बदलला का?

हा शेवटचा प्रश्न फार लोक विसरतात. मोठ्या पीचचा पंखा म्हणजे सायकलचा जड गिअर. सपाटीला बरा, चढाला पाय दुखतात. पीच 1 इंचाने वाढवलं की पूर्ण वेगात इंजिनचे फेरे साधारण 150 ते 200 नी कमी होतात. कमी केलं की तेवढेच वाढतात. म्हणजे 4,400 ते 4,800 सांगितलेल्या इंजिनचा काटा भरल्या बोटीत 4,000 लाच अडकत असेल, तळ स्वच्छ असेल आणि इंजिन एरवी ठीक चालत असेल, तर 2 ते 3 इंच कमी पीचचा पंखा लावून बघावा. उलट काटा 4,800 च्या बराच पुढे पळत असेल आणि रेघ सरळ असेल, तर पीच कमी पडतंय. दोन्ही वाईट. दबलेलं इंजिन आतून झिजतं आणि पळणारंही झिजतं. कोणी बोट विकताना "वेगासाठी मोठा पंखा टाकलाय" असं म्हणालं, तर तो वेग एका माणसाचा होता. आपण दहा माणसं भरतो, हे विसरू नका.

"वळताना एकदम किंचाळते"

वळणावर किंवा लाटेवर इंजिन अचानक किंचाळतं, क्षणभर जोर जातो, पुन्हा येतो. याचा अर्थ पंखा पाण्याबरोबर वरची हवा ओढतोय. हवेत पाती रिकामी फिरतात. पंख्याच्या वर पायाला एक आडवी सपाट पट्टी असते, ती हवा खाली येऊ नये म्हणूनच. ती तुटली-वाकली आहे का बघा. पाय फार वर उचलून चालवत असाल तर खाली घ्या. सगळे पर्यटक फोटोसाठी नाकाडावर जमले की मागचा भाग उचलला जातो आणि पंखा वर येतो. त्यांना गोड बोलून जागेवर बसवा. आऊटबोर्डवाल्यांनी मशीन फळीवर फार उंच तर टांगलं नाही ना, तेही तपासा.

याच्याशी मिळतंजुळतं दुसरं एक दुखणं आहे. पातं पाण्यातून फार जोराने कापत गेलं की त्याच्या पाठीवर दाब इतका घटतो की तिथलं पाणी थंड असूनही उकळतं. बारीक बुडबुडे होतात, फुटतात, आणि धातूला टोचे पाडतात. पात्यावर एकाच जागी जळल्यासारखे किंवा घुशीने कुरतडल्यासारखे खड्डे दिसले की हे ओळखायचं. कारण बहुधा पात्याची पुढची कड. ती चेपलेली, दातेरी असते. कडेवरची बारीक कुसळं कानशीने हलक्या हाताने गुळगुळीत करता येतात. वाकलेलं पातं मात्र हातोड्याने ठोकून सरळ करायचं नाही, त्याचं माप जातं. ते पंखे दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या.

तंगूस: लहान दोरा, मोठा खर्च

खाडीत गळ टाकणारे तंगूस तोडून टाकून देतात. तो पंख्यामागे शाफ्टभोवती गुंडाळला जातो. बाहेरून काहीच दिसत नाही, बोट छान चालते. पण आत तो घासून घासून सील कापतो. मग पायातलं तेल बाहेर आणि खारं पाणी आत. गिअर जातात ते असे, आवाज न करता.

म्हणून मोसमात नियमाने पंखा उतरवून मागे तंगूस आहे का बघा. तेलाची परीक्षाही सोपी. बोट रात्रभर उभी राहू द्या, पाणी तेलाखाली बसतं. सकाळी पायाच्या तळाचा स्क्रू जरासा सैल करून दोन थेंब वाटीत घ्या. आधी पाणीच आलं, किंवा तेल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं, तर पाणी शिरलंय. बोट तिथेच थांबवा. या वेळचा खर्च सीलचा आहे. पुढच्या महिन्यातला गिअरचा असेल.

पायाला आणि पंख्याजवळ झिंकचे तुकडेही असतात. खाऱ्या पाण्यात एक धातू दुसऱ्याला खातो. झिंक स्वतः झिजून पाय आणि पंखा वाचवतं. अर्धं झिजलं की बदला. त्याच्यावर रंग कधीच मारू नका, रंगाखाली ते काम करत नाही.

पंखा चढवताना

नट सोडताना पातं आणि वरची पट्टी यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे पंखा फिरत नाही आणि हात कापत नाही. काढलेले वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने फडक्यावर मांडा, फोनवर फोटो घ्या. पंख्याच्या पुढचा जाड वॉशर उलटा बसला किंवा राहून गेला तर पंखा पायालाच घासतो. शाफ्टच्या दातांना पाण्यात न धुपणारं ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वेळी पंखा निघणार नाही. नट पुस्तिकेत सांगितल्याइतका आवळा आणि शेवटी त्याची पिन किंवा वॉशरची कानं वाकवा. पहिल्या फेरीनंतर पुन्हा एकदा बघा.

पंखा कुठल्या धातूचा घ्यावा, असं मला नेहमी विचारतात. स्टीलचा जास्त टिकतो, वाकत नाही. पण आपल्या उथळ, वाळूच्या खाडीत आपटला तर झटका गिअरपर्यंत जाण्याची भीती जास्त. ॲल्युमिनियमचा स्वस्त, तो स्वतः वाकून मोडतो. आमच्याकडे ॲल्युमिनियमचे दोन आहेत, एक चालू आणि एक बोटीत.

पाण्यात असताना पंखा गेला तर

कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते, ती जागा डोळ्यांसमोर आणा. ओहोटी लागली की पाणी बाहेर ओढतं, बाजूला वाळूचे पट्टे, त्यावर फुटणाऱ्या लाटा. तिथे जोर गेला तर कारण शोधत बसायचं नाही. आधी नांगर टाका. सगळ्यांची जॅकेटं बांधलेली आहेत ना ते बघा, माणसं खाली बसवा. इंजिन बंद. मग जवळच्या होडीला हाक किंवा फोन. त्यानंतर पंख्याकडे बघायचं. बुश घसरतोय असं वाटलं तर अगदी कमी वेगात, काटा खाली ठेवून परत येता येतं. दोर अडकला असेल तर पाय वर उचलून, चावी काढून, बोटीतूनच कापा. ओढीच्या पाण्यात कोणी उतरायचं नाही. वल्ही आणि नांगर बोटीत हवेतच, मशीन कितीही नवं असो.

एक पान वहीत

शेवटी आपल्या सवयीची गोष्ट, वही. बोट चांगली चालते तेव्हाच तिची नोंद करा. पुस्तिकेतला फेऱ्यांचा आकडा, पंख्यावरचे दोन आकडे, आणि भरल्या बोटीत पूर्ण वेग दिल्यावर काटा कुठे आला ते. ही चाचणी पर्यटक बसवून करू नका. 20 लिटर पाण्याचा कॅन म्हणजे साधारण 20 किलो. माणसांच्या वजनाइतके कॅन भरून ठेवा आणि खोल मोकळ्या पाण्यात करा. त्याखाली तारीख. मग दर महिन्याला एक ओळ: काटा किती, थरथर आहे की नाही, तेल कसं, तंगूस निघाला का, झिंक किती उरलं.

मेकॅनिककडे जाताना ही वही न्या आणि पाच वाक्यं बोला. तक्रार कधी येते, हळू की जोरात. काटा आधी किती होता, आता किती. रेघ सरकली की नाही. दुसरा पंखा लावून काय झालं. तेलाचा रंग कसा आहे. चांगला मेकॅनिक खूश होतो, त्याचा अर्धा दिवस वाचतो. आणि काढलेला भाग परत मागा. जुना बुश, जुनं सील पिशवीत घालून गटाच्या बैठकीत ठेवा. कशावर पैसे गेले ते दहाही जणींनी हातात घेऊन बघावं, मग इतिवृत्तात लिहावं.

पावसाळ्यात पर्यटन बंद असतं, होडी किनाऱ्यावर झाकून असते. तेव्हा पंखा उतरवून घरी आणा. एका बैठकीत तो मधोमध ठेवा आणि प्रत्येकीने त्याच्या कडांवरून बोट फिरवावं. दात कुठे आहे, खड्डा कुठे आहे, आकडे काय कोरलेत. सुकाणूवर दोघी बसत असतील, पण कर्जावर सही दहा जणींची आहे.

ज्या गटांना रेघेची परीक्षा करून बघायची आहे त्यांनी पुढच्या बैठकीआधी मला सांगा. नेलपॉलिश मी आणीन, बोट तुमची.